गोविंदाची रविवारची सुट्टी

आमचं मंडळ का हरतं, यावर आमच्या अष्टमी गावात निदान चाळीस माणसांची चाळीस मतं आहेत. ते मधूनच का जिंकतं, हे मात्र आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही.

मंडळाचं नाव जय कुंडेश्वर क्रीडा मंडळ, खेळ कबड्डी, गट ब. या ब गटात आम्ही तेव्हा अकरा वर्षं होतो. मी नदीवरच्या पुलापलीकडे, रोह्याच्या शाळेत गणित शिकवत असे. एखादा मुलगा एका वर्गात दोन वर्षं राहिला तरी आम्ही त्याच्या पालकांना बोलावून घेत असू. मंडळाच्या पालकांना कुणी बोलावलं नाही, कारण पालक म्हणजे आम्हीच. दर रविवारी रेषेबाहेर उभे राहून घसा बसवून घेणारे.

नुसतं हरणारं मंडळ असतं तर मी केव्हाच सुटलो असतो. नियमानं हरणाऱ्यांवर माणूस माया करतो आणि घरी जाऊन जेवतो. आमच्या मंडळानं तेवढीही सोय ठेवली नव्हती. एक्क्याण्णव सालची गोष्ट. दिवाळीनंतरच्या पहिल्याच सामन्यात गटातल्या सगळ्यात तगड्या संघावर आम्ही दोन लोण चढवले. पुरा संघ दोनदा बाद. मी घरी जाऊन बायकोला श्रीखंड करायला सांगितलं. पुढच्या रविवारी ज्यांच्याशी गाठ होती, त्यांचे सहाच खेळाडू आले होते आणि सातवा म्हणून त्यांनी आपला टेम्पोवाला उभा केला होता. तो चपला घालून मैदानात उतरला. पंचांनी त्या काढायला लावल्या. त्या टेम्पोवाल्यानं आमचे चार गडी बाद केले आणि सामना संपल्यावर, भाड्याला उशीर होतोय म्हणून, हात न मिळवता निघून गेला.

त्यानंतर आठवडाभर मला सल्ले मिळाले. शेजारच्या आनंदीबाई बहात्तर वर्षांच्या, कबड्डी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेली नाही. त्या म्हणाल्या, "गोपाळ, ही मुलं सामन्याआधी ताक पितात का? मग झोप येणारच." औषधाच्या दुकानदारानं कॅल्शियम सांगितलं. शाळेतल्या शिपायानं मंडळाची पाटी दक्षिणेला तोंड करून आहे हे निदर्शनास आणलं. पाटी पूर्वेला आहे हे मी त्याला दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "मग गल्ली चुकीची हाय."

मी गणिताचा माणूस. पाटी आणि ताक यांच्या नादी न लागता मी तीन वर्षांचे सामने आठवून पाहिले आणि एका सकाळी दाढी करताना उत्तर सापडलं. उत्तराचं नाव गोविंदा.

गोविंदा आमचा चढाईपटू. सहा फूट उंच, अंगानं काटकुळा, आणि एरवी इतका संथ की पुलावरून चालताना म्हशी त्याला मागे टाकतात. पण मध्यरेषा ओलांडून त्याचा दम सुरू झाला की तो निराळाच कुणी होतो. समोरचे सात जण त्याच्याभोवती कडं करतात, कडं आवळत जातं, आता गेला असं वाटतं, आणि गोविंदा त्यातून पाण्यासारखा निघून येतो. हे मी नीट असं एकदाच पाहिलं होतं, चार वर्षांपूर्वी, रोह्याच्या मैदानावर. त्या दिवसापासून एक अख्खा सामना त्याला तसा खेळताना पाहायचा, एवढी एकच इच्छा माझ्या मनात घर करून होती. संसारात माणसाच्या इच्छा फार मोठ्या नसतात. माझी तर ब गटातली होती.

तर हा गोविंदा धाटावच्या एका कंपनीत कामाला. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यात तो ताजातवाना असे. आम्ही जिंकत असू. दुसरी शिफ्ट असली की तो तीन वाजता कामावर. आम्ही हरत असू. तिसरी शिफ्ट असली की तो रात्रभर जागून सामन्याला येई, आणि मग काय होईल ते सांगता येत नसे. एकदा नागोठण्याला ऐन चढाईत त्याला जांभई आली. दम तुटला. पंचांनी बाद दिलं. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला हातही लावला नव्हता.

आणि आता पेणचा सामना आला. जो जिंकेल तो अ गटात. समोर पेणचं वीर मारुती मंडळ, रविवारी दुपारी साडेचार वाजता. गोविंदाची सुट्टी बुधवारी आणि त्या रविवारी दुसरी शिफ्ट.

"एक अर्ज द्यायचा, सुट्टीची अदलाबदल करून घ्यायची," मी सुनीतीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणालो. "पाच मिनिटांचं काम आहे."

"गेल्या वर्षी गॅसचं पुस्तक बदलायचं पाच मिनिटांचं काम होतं," ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली.

अर्ज मी स्वतः लिहिला. 'महोदय, क्रीडेचे समाजजीवनातील स्थान आपण जाणताच,' अशी सुरुवात होती. कंपनीच्या फाटकाशी टाइम ऑफिस होतं. तिथल्या खिडकीत बसलेल्या तरुण कारकुनानं अर्ज दोनदा वाचला.

"आपण कामगाराचे कोण?"

"तसा कोणी नाही."

"युनियनचे?"

"नाही. मी मंडळाचा समर्थक आहे."

त्यानं फॉर्मवरचे रकाने वरपासून खालपर्यंत बोटानं तपासले. "समर्थक असा रकाना नाही, सर." त्याच्या तोंडून 'सर' ऐकलं आणि मला शंका आली. ती खरी ठरली. भूमितीत मी त्याला दोनदा नापास केलं होतं. तो राग त्यानं मनात ठेवलेला दिसला नाही; त्यानं फक्त लाल पेन काढलं, माझ्या अर्जातल्या तारखेखाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'रविवारी बारा तारीख येत नाही. तपासावे.' मग अर्ज परत दिला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कागदावर लाल शाई पहिल्यांदाच लागली.

दुसऱ्या खेपेला तारीख बरोबर होती, पण छापील फॉर्म लागतो असं कळलं. तिसऱ्या खेपेला फॉर्म होता, पण अदलाबदलीला तयार असलेल्या कामगाराची सही नव्हती. तेच काम जाणणारा, रविवारी सुट्टी असलेला माणूस पुऱ्या कंपनीत एकच होता. हिरामण, राहणार निडी.

निडी रोह्याहून पेणकडे जाताना लागणारं पहिलं स्टेशन. मी शाळा सुटल्यावर गेलो. हिरामणची थोरली मुलगी मैना माझ्याच हाताखालून मॅट्रिक झालेली, त्यामुळे स्वागत चांगलं झालं. हिरामणनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सर, एरवी मी एका पायावर आलो असतो. पन रविवारीच मैनाला बघाया पेणची मानसं येतायत. चार वाजता. मी नसलो तर कसं व्हायचं?"

"दिवस बदलता येणार नाही?"

"एकदा बदलला. म्हशीला रेडकू झालं तवा. आता परत बदलला तर ती मानसं काय म्हनतील?"

आतून त्याची बायको सगुणा म्हणाली, "घरात बोलनारं मानूस पायजे. माजा भाऊ येनार हाय, पन तो बोलत नाय."

हिरामणनं आतल्या दाराकडे पाहिलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. तिथून उठून निघायला हवं होतं हे मला आज कळतं.

"सर, तुमी बसा माज्या जागी. तुमी शिकवलंय तिला. तुमच्या सबदाला वजन हाय. तुमी बसत असाल तर मी करतो सही."

सायकलवरून परतताना मी हिशेब मांडत होतो. मी बसलो तर गोविंदा खेळणार. गोविंदा खेळला तर आम्ही जिंकणार. आम्ही जिंकलो तर अ गट. या सगळ्या मांडणीत एकच गोष्ट बसत नव्हती: ज्या सामन्यासाठी मी तीन खेपा घातल्या तो सामना मी पाहणार नव्हतो. गोविंदाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "सर, मग तुमी नसनार?" आणि पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ नदीकडे बघत राहिला. माझ्याहून त्यालाच जास्त वाईट वाटलं असावं. किंवा तो नेहमीसारखा संथ असेल.

"एक लक्षात ठेवा," सुनीती रविवारी माझ्या सदऱ्याची बटणं तपासत म्हणाली. "त्या माणसांपुढं कबड्डी काढू नका. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

दुपारच्या पॅसेंजरनं आमचं मंडळ पेणला निघालं. मीही त्याच डब्यात. डब्यात आमची वीसेक माणसं होती, ढोल होता, खिडकीला झेंडा होता, आणि गोविंदा आठ तास झोपून उठलेला, नारळासारखा टवटवीत. कर्णधार केरू बाकावर बोटानं चौकटी काढून डाव समजावत होता. मी सांगत होतो की उजव्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा. बोलणं रंगात आलं आणि निडी आलं. मी उतरलो.

डब्याच्या दारातच महिपती भेटला. महिपती निडीचा शेतकरी, वाल पिकवणारा, आणि माझा अकरा वर्षांचा सोबती. प्रत्येक सामन्याला आम्ही दोघं रेषेशी शेजारी शेजारी उभे राहिलेलो. मी ओरडायचं, त्यानं नाही, असं आमचं न ठरवता ठरलं होतं. तो चढत होता आणि मी उतरत होतो.

"सर, उतरता?"

"काम आहे."

तो आत सरकला. गाडी हलली. ढोल वाजायला लागला. गोविंदानं खिडकीतून हात केला. वळणापाशी झेंडा दिसेनासा झाला तरी ढोल ऐकू येत होता, आणि तोही गेल्यावर मी फलाटावर एकटाच, इस्त्रीच्या सदऱ्यात, उभा होतो.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा शांत, पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारा. त्याचा बाप सखाराम, सगळे सखा म्हणत, जाड मिशांचा आणि रुंद खांद्यांचा. आई सगळं निरखून बघणारी. सगुणाचा भाऊ कोपऱ्यात बसला आणि सांगितल्याप्रमाणे बोलला नाही.

मी बोललो. मुलगी अभ्यासू आहे, शिवणाचा क्लास केला आहे, स्वभावानं मनमिळाऊ आहे. सखा मान हलवत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो घड्याळ बघत होता. चार वाजून दहा मिनिटांनी त्यानं बघितलं, वीस मिनिटांनी बघितलं. मला वाईट वाटू लागलं. मुलगी अजून बाहेरही आली नाही आणि या माणसाला घाई. बरोबर साडेचार वाजता त्यानं पुन्हा मनगट वर केलं आणि त्याच वेळी मीही केलं. आमची नजरानजर झाली.

"तुमाला कुठं जायचं हाय का?" त्यानं विचारलं.

"छे. तुम्हाला?"

"छे." तो जरा थांबला. "पेनला आज जरा… खेळ होता."

"कबड्डीचा," मी म्हणालो. सुनीतीची सूचना मला आठवत होती. ती पाळली जात नव्हती, एवढंच.

सखा सरसावून बसला. तो वीर मारुती मंडळाचा पंधरा वर्षांचा समर्थक निघाला. मंडळ सुरू झालं त्या दिवसापासून त्यानं एक सामना चुकवला नव्हता, आज पहिला. "ह्याच्या आयशीनं दिवस ठरवला," तो बायकोकडे न बघता म्हणाला. मग आम्ही बोलायला लागलो. त्यांच्या मंडळाचंही तसंच होतं. कधी वाघ, कधी मांजर. त्यांचा एक पकड करणारा होता, तो अमावास्येला खेळत नसे. ऐकताना मला इतकं बरं वाटत होतं की आपण कुणाच्या घरी कशासाठी बसलो आहोत याचा विसर पडला. आपलं दुःख दुसऱ्या तालुक्यातही आहे हे कळायला मला अकरा वर्षं लागली.

बिघडलं ते गोविंदावरून. सखा म्हणाला, "तुमचा तो उंच पोरगा चांगला हाय, पन घोट्याला धरला की सपला." मी म्हणालो, घोट्याला धरून गोविंदा कधी सापडलेला नाही. तो म्हणाला, धरणारा पाहिजे. मी म्हणालो, कसा धरणार. तो उठला, ओटीच्या मध्यावर उभा राहिला आणि म्हणाला, "धरा. मी तुमचा गोविंदा."

मी सत्तेचाळीस वर्षांचा, माध्यमिक शिक्षक, मुलीकडचा वडीलधारी माणूस. मी वाकलो आणि त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला. त्यानं पाय ओढला. मी सोडला नाही. तो एका पायावर लंगडत भिंतीपर्यंत गेला, त्याच्यामागून मी पोटावर सरपटत गेलो, आणि कांदेपोह्यांच्या दोन बशा आमच्या वाटेत होत्या त्या नंतर नव्हत्या.

नेमकी त्याच वेळी मैना चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. सगुणा दारात तोंडावर पदर धरून उभी होती. मैनानं खाली माझ्याकडे बघितलं, मग सखाकडे. ट्रे खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "सर, घोटा घट्ट धरलाय, पन कंबर मोकळी सोडलीत. अशानं ते रेषेपर्यंत जातील. दुसरा गडी पायजे."

मुलगा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. तो हसला आणि पहिल्यांदाच बोलला. "खेळता?"

"शाळेत होते. कोपऱ्यावर."

पुढं फार काही विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्याच्या आईनं स्वतःच पोहे गोळा केले. जाताना सखा चपला घालत म्हणाला, "पोरगी पसंत हाय. पन आज आमचं मंडळ हरलं, तर मात्र तुमच्या बाजूला सोयरीक करायची का नाय, ह्याचा मला परत इचार करावा लागंल." तो हसत होता. भाड्यानं आणलेला टेम्पो सुरू झाला तरी हसत होता.

सगुणानं ते हसणं पाहिलं नव्हतं. ती आत गेली आणि देवापुढं दिवा लावला. मी बाहेरून ऐकत होतो. "देवा, ह्या सरांचं मंडळ हरू दे. माज्या मैनाचं होऊ दे. पाच नारळ फोडीन."

"अगो आये, ते मस्करी करत होते," मैना म्हणाली.

"मस्करी असंल नायतर नसंल. नारळ फोडायला काय जातंय."

मी ओटीवर बसून राहिलो. माझ्या मंडळाविरुद्ध माझ्यादेखत नवस बोलला गेला होता आणि मला त्याला तोंडदेखला विरोधही करता येत नव्हता. मैना पायरीवर बसून विखुरलेले पोहे कोंबड्यांना टाकत होती, चेहरा उजळलेला. मंडळ जिंकावं असं मी मनात म्हणायला जाई आणि ती दिसे. तिकडं पेणला आता दुसरा डाव सुरू झाला असेल. गोविंदा रेषा ओलांडत असेल. त्याचा तो लांब हात. मी डोळे मिटून पाहायचा प्रयत्न केला, पण मला सारखा सखाचा घोटा दिसत होता.

तिन्हीसांजेला परतीची पॅसेंजर येते. मी फलाटावर अर्धा तास आधी जाऊन उभा राहिलो. गाडी वळणावर आली आणि मी कान दिला. ढोल वाजत नव्हता.

केरू खिडकीत होता. "एका गुणानं, सर," एवढंच तो म्हणाला. त्याच्या मागं गोविंदा बसला होता, टॉवेल डोक्यावरून घेतलेला. त्यानं वर बघितलं नाही. मला त्या गाडीनं रोह्याला जायचं होतं, पण माझे पाय उचलले नाहीत. त्या डब्यात बसून एकेकाकडून ऐकायचं माझ्यानं होईना. गाडी गेली. फलाटावर मी आणि उतरलेला महिपती, दोघंच राहिलो.

आधी हिरामणच्या घरी जाऊन निकाल सांगणं भाग होतं. सगुणा दारातच होती. "हरलो," मी म्हणालो. "एका गुणानं." तिनं डोळे मिटून हात जोडले, आत जाऊन साखर आणली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अकरा वर्षांत आमच्या मंडळाबद्दल मला कुणी साखर दिली नव्हती. मी ती खाल्ली. मैनाचं लग्न पुढं वैशाखात झालं, शनिवारी. रविवार नको असं दोन्हीकडच्या एकेका माणसाचं म्हणणं पडलं.

एस.टी.साठी महिपती मला फाट्यापर्यंत सोडायला आला. दोन्ही बाजूंना वालाची शेतं, कापलेल्या भाताचा वास. गावातलं शेवटचं घर मागं पडलं. मग तो म्हणाला, "सर, पयला डाव तुमी बघायला पायजे होता."

"सांग."

तो बोलका माणूस नाही. पण तो रस्त्याच्या मधोमध थांबला, पायानं धुळीत रेघ ओढली आणि रेघेच्या अलीकडे उभा राहिला. "गोविंदा असा गेला. डावीकडनं. ते समदे उजवीकडं. हा असा हात." साठीच्या महिपतीनं धोतर खोचलं आणि हात लांबवला. "एक गेला. कोपऱ्यावाल्यानं पायाला मिठी मारली. गोविंदा पडला. पडल्या पडल्या सरकला, सर. आनखी एक त्याच्या अंगावर. आनि बोटं, ही अशी, रेषेला टेकली. तिघं बाद. सतरा-चार झालं होतं. पेनची मानसंसुदा टाळ्या वाजवायला लागली."

"मग?"

"मग आनखी एकदा गेला. त्याहून भारी. पान्यावानी निघून आला." महिपतीनं श्वास घेतला. "मग मध्यंतर झालं. आनि मग सर, काय झालं कुनास ठाऊक, केरूनं…"

"राहू दे," मी म्हणालो.

लांब वळणावर एस.टी.चे दिवे दिसले. यायला अजून दोन-तीन मिनिटं होती. महिपती धोतर सोडून ठीकठाक करत होता.

"महिपती," मी म्हणालो, "गाडी येईपर्यंत पहिल्यापासून सांग. डावीकडून गेला तिथून. मध्यंतरापर्यंतच."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग धोतर पुन्हा खोचलं, पुसट झालेली रेघ पायानं नव्यानं ओढली आणि तिच्या अलीकडे जाऊन उभा राहिला.